शपथ न घेणाऱ्या मॅडम

रामटेके मॅडम गेल्या त्याच आठवड्यात पुसदच्या बसस्थानकासमोर एक फलक लागला. वर हसरा फोटो, खाली ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’ आणि त्याच्याही खाली ‘मृदुभाषी, मनमिळाऊ, शांत व्यक्तिमत्त्व हरपले’. तो फलक वाचताना माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढ्याशा कापडावर इतकं खोटं मावतं कसं? मॅडमना कसलाही आजार नव्हता. डोक्यात काठी बसून त्या गेल्या. आणि मृदुभाषी तर त्या झोपेतही नसाव्यात. कुणाला प्रकरण वाढवायचं नव्हतं, म्हणून मेलेल्या बाईच्या तोंडात साखर कोंबली. ती साखर काढायला हे लिहितो आहे.

मॅडम मेडिसिनच्या एम.डी. गाव केळापूरकडचं, दवाखाना पुसदला, शाळेमागच्या गल्लीत. सांधे धरलेल्या, केस गळालेल्या, वर्षानुवर्षं अंगात ताप घेऊन निंदणाला जाणाऱ्या बाया तिथं दुरून यायच्या. शरीर स्वतःवरच उलटतं, असे हे आजार. मॅडम ते समजावून सांगायच्या, “घराले पहारेकरी ठेवला ना? तो येडा झाला. चोर सोडून घरच्याच लेकराले ठोकून राह्यला. म्हणून दुखते.” हे पहारेकरी म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं. ती उलटली आहेत का, हे हुडकणाऱ्या तपासण्या असतात. रक्त नागपूरला जायचं, काही दिवसांनी रिपोर्ट यायचा. मॅडममुळे त्या तपासण्यांची नावं गल्लीच्या तोंडी बसली होती. पायरीवर बसलेल्या बाया एकमेकींना विचारायच्या, “तुही एएनए झाली का वं?”

पण रिपोर्ट आधी बघायचा नाही, हा मॅडमचा कायदा. टेबलावर राजूरच्या खाणीतल्या कोळशाचं एक ढेकूळ होतं, कुण्या रुग्णानं दिलेलं. आत आलं की रिपोर्ट पालथा घालून त्या ढेकळाखाली दाबायचा, मग बोलायचं. मॅडम आधी दोन्ही हात मागायच्या. एकेक बोटाचा सांधा अंगठ्यानं असा दाबायच्या की बाई किंचाळायची. “वरड. वरडल्याशिवाय मले कसं कळन?” मग तोंड उघडायला लावून टाळूवरचे फोड बघायच्या, केसातून हात फिरवायच्या, उन्हात गेल्यावर चेहरा भाजतो का विचारायच्या. एखादा शहाणा मध्येच कागद पुढे करायचा. त्याच्यावर त्या खेकसायच्या, “ताप कागदाले आला का तुले?”

माझी त्यांची ओळख एका पत्रकामुळे झाली. माझे वडील छापखान्यात होते आणि मी मोर्च्यांच्या, सभांच्या, जयंतीच्या पत्रकांवर वाढलो. मॅडमना बायांसाठी एक पत्रक हवं होतं. मी लिहून नेलं : ‘एक तपासणी करा, आजार उघडा पाडा!’ त्यांनी ते वाचलं आणि माझ्या मानेवर अशी चापट मारली की चष्मा टेबलावर पडला.

“हे खोटं आहे बे. लिही : ही तपासणी एकटी काहीच सिद्ध करत नाही.”

“असं पत्रक कोण वाचेल, मॅडम?”

“जिले दुखते थे वाचन. तुह्यासारख्या पत्रक्याले कोणी विचारलं?”

तेव्हापासून मी पत्रक्या झालो आणि दर आठवड्याला काही ना काही लिहायला जाऊन शिव्या खाऊ लागलो.

मॅडम हात उचलायच्या. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही, आणि त्याही म्हणायच्या नाहीत. एकदा बाजाराच्या दिवशी सांधेदुखीची पुडी विकणारा त्यांना सापडला. त्याची पुडी घेतली की दुसऱ्या दिवशी बाई चालू लागायची. काही महिन्यांत तिचा चेहरा फुगायचा, हाडं ठिसूळ व्हायची, आणि आजार मात्र आत दबून राहायचा. अशी एक बाई सकाळीच मॅडमकडे खुबा मोडून आली होती. मॅडम तशाच बाजारात गेल्या. त्याची कॉलर धरून त्याला कांद्याच्या ढिगावर पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि त्याच्याच पुड्या फोडून त्याच्या तोंडात कोंबल्या. “खा! बायायले चारतं ना? आता तू खा!” तो गुदमरत होता, गर्दी शिट्ट्या मारत होती. पोलीस आले.

“मॅडम, तुम्ही मारलं का?”

“मारलं. हाव. लिहा.”

“अन् यानं पुडीत काय टाकलंय?”

“स्टेरॉइड असन असं मले वाटते. तपासल्याशिवाय सांगत नाही.”

माणसाला मातीत लोळवून झालं होतं, तरी तपासणीशिवाय एक शब्द जास्त बोलायला ही बाई तयार नव्हती. पुढे तपासणीत स्टेरॉइडच निघालं. मॅडमवरची मारहाणीची केस मात्र चालू राहिली आणि त्या दर तारखेला हजर राहिल्या.

दिग्रसचा एक कापडवाला आपली मुलगी घेऊन आला तेव्हाही मी तिथं होतो. मुलीचं लग्न ठरलेलं. कुठल्याशा मोठ्या लॅबच्या संपूर्ण शरीराच्या तपासणीत तिचा एएनए किंचित पॉझिटिव्ह आला होता. बाप रडत होता. मॅडमनी कागद ढेकळाखाली दाबला, मुलीचे सांधे दाबले, शंभर प्रश्न विचारले. काहीच नाही. पोरगी कबड्डी खेळणारी, ठणठणीत.

“हिले काही नाही. घेऊन जा.”

“पण मॅडम, रिपोर्टात पॉझिटिव्ह...”

“गल्लीतलं कुत्रं भुकलं म्हंजे चोर आलाच का? मांजरीवर भुकते, सावलीवरही भुकते. धडधाकट माणसातही हा थोडाफार निघते.”

“तरी एखादी गोळी? मुलाकडच्यांना दाखवायला?”

मॅडमनी तो रिपोर्ट ओढून टराटरा फाडला आणि तुकडे बापाच्या अंगावर फेकले. “त्यायले हे दाखव! अन् पोरीले कोणी बिमार म्हटलं तर माह्याकडं पाठव, त्याचे गुडघे मी दाबून देतो!” मुलगी तोंडावर ओढणी धरून हसत सुटली.

उलटंही व्हायचं. कागदावर काही नाही म्हणून मोठ्या दवाखान्यांनी परत पाठवलेल्या बाईला त्या धरून ठेवायच्या. “निगेटिव्ह आला म्हणून नाचू नोको. तुह्ये हात काय म्हणतात थे मी ऐकलं.” त्यांच्या मते रक्त हा एक साक्षीदार होता, न्यायाधीश नव्हता.

आता कविता. तिला टाळून मॅडमबद्दल लिहिता येणार नाही.

कविता पुसदजवळच्या एका तांड्याची मुलगी, दुसऱ्या तांड्यात दिलेली. तिला आधी दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोट पडलं. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा नवरा प्रल्हाद तिला शहरातल्या एका खाजगी डॉक्टरकडे घेऊन गेला. गरोदरपणात रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या होतात, त्यात गर्मीची, म्हणजे सिफिलिसचीही एक असते. तिची ती पॉझिटिव्ह आली. त्या डॉक्टरनं दार उघडं असताना, बाहेरची रांग ऐकत असताना सांगितलं, “हिला गर्मी आहे. कुठून आणली ते हिलाच विचारा.”

प्रल्हादनं तिथंच विचारलं. दवाखान्याच्या फाटकात, केस धरून, पायानं विचारलं.

तांड्यातली माणसं बाईला मारतात, असं शहरात बसून म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावं. ही मारहाण तांड्यात सुरू झाली नाही. ती टाइल्स लावलेल्या, एसी असलेल्या खोलीत, पदवीच्या चौकटीखाली सुरू झाली. तिथून पुढे ती फक्त घरी गेली. घरी तिला चुलीतल्या लाकडानं मारलं, मनगट मोडलं आणि पोटावर पाय देणार तोच सासूनं मध्ये पडून वाचवलं.

तिचा भाऊ रोहिदास तिला मॅडमकडे घेऊन आला. दोन्ही गाल लालभडक. मॅडमनी तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला.

“पुस्तकात याले फुलपाखरू म्हणतात. नाकावरून दोन्ही गालावर पसरलेलं. लिवणाऱ्यानं कधी मार खाल्ला नसन.” मग त्या मला म्हणाल्या, “पाह्य बे, पत्रक्या. हा डाग नाकाच्या बाजूची घडी सोडून आहे. हा आजाराचा. अन् हा इथं घडीवरही आहे, चार बोटं उठले आहेत. हा हाताचा. आजार जागा सोडते. माणूस सोडत नाही.”

“कोणी मारलं वं?”

“पडली,” कविता म्हणाली.

“पडली नाही, प्रल्ह्यानं...” रोहिदास ओरडला.

“तुले विचारलं का? भाईर हो.”

तो बाहेर गेल्यावर कविता बोलली. बोलताना ती रडली नाही. बोटं दाबली तेव्हा मात्र किंचाळली. केस गळत होते, टाळूवर फोड होते, उन्हात चेहरा पेटायचा. मॅडम टेबलावर मूठ आपटून उठल्या.

“त्याचं रक्त काहून नाही घेतलं? नवऱ्याचं? अन् दुसरी तपासणी काहून नाही केली? पहिली खोटी निघू शकते, हे पहिल्या वर्गातल्या पोट्ट्याले माहीत असते!”

पुढचं मला त्यांनी पत्रकासाठी समजावलं, म्हणून सोप्या शब्दांत सांगतो. गर्मीची ती पहिली तपासणी जंतू पकडत नाही. ती एका विशिष्ट चरबीविरुद्धची प्रतिपिंडं पकडते. गर्मीत ती तयार होतात. पण शरीर स्वतःवर उलटतं त्या काही आजारांतही तशीच प्रतिपिंडं तयार होतात आणि तपासणी फसते. बाई निर्दोष असते, कागद पॉझिटिव्ह येतो. वर तीच प्रतिपिंडं वारेतल्या रक्ताच्या गाठी करतात आणि पोट पडतं. कविताची दोन मुलं ज्या आजारानं मारली, त्यानंच तिच्यावर आळ आणला होता.

नागपूरहून रिपोर्ट आले. गर्मीची पक्की तपासणी निगेटिव्ह. एएनए जोरात पॉझिटिव्ह. गालांवर फुलपाखरू उठवणाऱ्या त्या आजाराचं नाव ल्युपस; त्याला सहसा धरून असणारी दुसरी तपासणीही पॉझिटिव्ह, आणि त्या चरबीविरुद्धची प्रतिपिंडं भरपूर. मॅडमनी लगेच रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं सुरू केली. कविता माहेरी राहिली, रोज स्वतःच्या पोटात सुई टोचून घेत.

तेवढ्यात सासरच्या तांड्यानं नसाब बोलावली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत, नायक तिच्या मध्यभागी. कविताला बदचलन ठरवून सोडायचं, पोटातलं मूल आमचं नाही म्हणायचं, असं सासरचं म्हणणं. इकडे रोहिदास आणि त्याचे चुलतभाऊ कुऱ्हाडींना धार लावत होते. मॅडम कविताला म्हणाल्या, “जाऊ नोको. मी एकटी जातो.”

“मले त्या घरात परत जायचं नाही, मॅडम,” कविता म्हणाली. “पण हा डाग घेऊनही जायचं नाही. माह्या लेकराले कोणी विचारलं तर मी काय सांगू?”

म्हणून आम्ही सगळे गेलो. सकाळचं तिरपं ऊन, तांड्याच्या देवळापुढं निंबाखाली माणसं दाटीनं बसलेली. प्रल्हाद समोरच, डोळे तांबारलेले. त्याचा थोरला भाऊ मात्र वेगळा वाटला. शिकलेला, पांढरा शर्ट. त्यानं हात जोडून मॅडमना खाट दिली, पाणी दिलं. “मॅडम, राग मानू नका, आमचा प्रल्हाद तापट आहे.” मला तो बरा वाटला.

मॅडमनी सगळं सांगितलं. पहारेकऱ्याची गोष्ट, फसणारी तपासणी, पक्की तपासणी. नायक म्हातारा होता, कान देऊन ऐकत होता. शेवटी तो उठला.

“बाई, आमाले कागद वाचता येत नाही. आमचा रिवाज आहे. देवळाच्या झेंड्याले हात लावा अन् म्हणा, या पोरीले गर्मी नाही, शंभर टक्के नाही. बस. समदा तांडा मानन. मी मानवीन.”

मी सुटकेचा श्वास टाकला. एक वाक्य! कविता मॅडमकडे बघत होती. मॅडम झेंड्यापाशी गेल्या, पण हात लावला नाही.

“नायक, तुम्ही सरळ माणूस आहा म्हणून सरळ सांगतो. पक्की तपासणी नाही म्हणते. तिचे सांधे, चेहरा, टाळू, पडलेले पोटं, अन् हे रक्त, समदे मिळून दुसऱ्याच आजाराचं नाव घेतात. मी याच्यावर तिले औषध देऊन राह्यली, तिचा जीव याच्यावर ठेवला. पण तीन महिन्यानं रक्त पुन्हा तपासा लागते, तवा आजार पक्का होते. शंभर टक्के म्हणून झेंड्याले हात मी माह्या मायसाठीही लावणार नाही.”

“म्हणा ना मॅडम!” मी त्यांच्या कानाशी अक्षरशः ओरडलो.

“आज खोटी शपथ घेतली,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तर उद्या कोणीही घेईन. त्या डॉक्टरनंही शंभर टक्केच म्हटलं होतं.”

“पाह्यलं? शपथ घेत नाही! म्हंजे खोटं आहे!” प्रल्हाद उठला आणि सरळ कवितावर धावला. त्यानं लाथ घातली. ती वळली, लाथ कमरेवर बसली. रोहिदास त्याच्यावर पडला. मग काठ्या, दगड, चपला, आरडाओरड, बायांच्या किंकाळ्या. मॅडम कविताला आडोसा द्यायला झेपावल्या, दोन्ही हात पसरून तिच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागून काठी आली. टणक लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज झाला. मॅडम एका गुडघ्यावर बसल्या आणि पुन्हा उठल्या. पदर लाल होत होता.

नायक असा गरजला की हाणामारी थिजली. त्या शांततेत कविता पुढे आली. तिनं बाही वर सरकवली.

“माह्यं रक्त पुन्हा काढा. इथं, समद्यायसमोर. अन् याचंही काढा. मले एकटीलेच काहून?”

मॅडमनी पिशवीतून सुई काढली. एका हातानं डोक्यावर पदर दाबलेला, दुसऱ्या हातात सुई. प्रल्हादनं ती पाहिली आणि माणसं लोटत कापसाच्या उभ्या पऱ्हाटीतून पळत सुटला. सगळा तांडा हसला. “पळाला! म्हंजे गर्मी त्यालेच आहे!”

“चूप!” मॅडम कडाडल्या. “पळाला म्हंजे बिमार असं नाही! सुईले भेला असन. रक्त काढल्याशिवाय त्यालेही कोणी काही म्हणायचं नाही!”

मी दातओठ खाल्ले. डोक्यातून रक्त गळत असताना ही बाई त्या हरामखोराची बाजू धरून उभी होती! पण नायक तिच्याकडे वळला आणि म्हणाला, “दोघायचंही रक्त पुन्हा पाहा. तवरक या पोरीले कोणी बदचलन म्हणन, तर तो या तांड्याचा नाही.” त्या दिवशी एवढंच मिळालं. नंतर कळलं की एवढं पुरलं. तीन महिन्यांनी कविताच्या रक्तात तेच निघालं, गर्मी नव्हतीच. कविताला मुलगी झाली, वेळेआधी, मुठीएवढी, पण जगली. मॅडमनी यातलं काही पाहिलं नाही.

त्यांनी कविताला जीपमध्ये घालून यवतमाळला नेलं. रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असलेल्या गरोदर बाईला लाथ म्हणजे काय, ते त्या एकट्यांनाच कळत होतं. दवाखान्यात सोनोग्राफी आधी कविताची करायला लावली. स्वतःच्या डोक्याला टाके घेताना दोनदा उलटी झाली, तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरनं स्कॅनची घाई केली. “तिचं पोट पाह्यलं का? आधी थे सांग,” मॅडम त्याच्यावर गुरकावल्या. संध्याकाळी दोघी शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. मॅडमना स्कॅनला न्यायचं स्ट्रेचर यायचं होतं. फौजदार जबाब घ्यायला आला.

“मॅडम, नाव सांगा. प्रल्हादनंच मारलं ना?”

“मागून आली काठी. मी पाह्यलं नाही.”

“सगळे त्याचंच नाव घेतात.”

“मंग समद्यायचं लिहा. माह्यं लिहू नका.”

मला राहवलं नाही. “मॅडम, तो सुटेल! दुसरं कोण असणार?” गर्दीत मीही काही पाहिलं नव्हतं, पण मला खात्री होती. मी शपथ घ्यायला तयार होतो, हव्या त्या झेंड्याला हात लावून.

“मी पाह्यलं,” शेजारच्या खाटेवरून कविता म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. “प्रल्हादनं मले लाथ मारली. थे लिहा. काठी त्यानं नाही मारली. काठी त्याच्या मोठ्या भावानं मारली. ज्यानं पाणी दिलं होतं.”

पांढरा शर्ट माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला.

मॅडमनी डोळे उघडले. एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी झाली होती, पण आवाज तोच होता, दवाखान्यातला, अंगठा सांध्यावर दाबावा तसा.

“तू कुठं होतीस तवा?”

“तुमच्यासमोर. तुमच्या खांद्यावरून पाह्यलं.”

“ऊन कोणाच्या डोळ्यात होतं?”

“त्याच्या. माह्या पाठीवर होतं.”

“पक्कं? का मनात आहे म्हणून म्हणून राह्यली?”

“पाह्यलं, मॅडम. जेवढं पाह्यलं तेवढंच म्हणतो.”

दारात स्ट्रेचर आलं. मॅडम कोपरावर उठल्या, पेन हातात धरून उभ्या असलेल्या फौजदाराकडे वळल्या आणि सगळा वॉर्ड दचकेल एवढ्या जोरानं ओरडल्या, “मंग लिहा ना! कायची वाट पाहून राह्यले?”